ख्रिस्ती जीवनदृष्टि म्हणजे काय?



गेल्या सहामाहींत नववीच्या वर्गांत मूल्यशिक्षणाच्या तासाला आम्हीं प्रभु येशूनें सांगितलेला द्राक्षमळ्यांतील मजुरांचा दृष्टांत सांगितला. एका मळ्याचा धनी पहांटेस चौकांत जातो आणि एका दिवसाची मजुरी ठरवून कांहीं मजूर कामास लावतो. पुढें नऊ वाजतां, दोनप्रहरीं व तीन वाजतां तो पुनः चौकांत जाऊन आणखी माणसें घेऊन येतो. शेवटीं दिवस मावळण्यास एक तास उरला असतां तो पाहतो, तों कांहीं माणसें अजून तशींच उभीं. दिवसभर रिकामे कां उभे राहिलां, असें विचारतां तीं सांगतात कीं, आम्हांस कोणीं कामास लावलेंच नाहीं. धनी त्यांसही मळ्यांत पाठवितो. संध्याकाळीं मुकादम मजुरी वाटूं लागतो, ती प्रथम शेवटीं आलेल्यांस, आणि तीही पूर्ण दिवसाची! पहांटेपासून राबलेल्यांस वाटतें कीं, आपणांस अधिक मिळेल. पण त्यांच्याही हातावर ठरलेली तेवढीच मजुरी पडते, व ते कुरकुर करूं लागतात.

दृष्टांत संपतो न संपतो तोंच वर्गांत एकच गलबला झाला. यंत्रमागावर काम करणाऱ्या एका कारागिराचा मुलगा उठून म्हणाला, "सर, हा तर अन्याय आहे. माझे वडील मीटरवर मजुरी घेतात. जितकें कापड उतरेल तितके पैसे. बारा तास उभे राहणारा आणि एक तास काम करणारा सारखे कसे?" एक मुलगी म्हणाली, "उद्यां मग सगळेच पांच वाजतां येतील." वर्ग हंसला. तेवढ्यांत मागच्या बांकावरील एका विद्यार्थ्यानें, जो एरव्हीं फारसा बोलत नाहीं, निराळाच प्रश्न केला: "सर, चांगलें वागण्यासाठीं ख्रिस्ती असावें लागतें का?" इतक्यांत घंटा झाली. तुमच्या प्रश्नांचें उत्तर घाईनें देण्यासारखें नाहीं, वार्षिकांत सविस्तर लिहूं, असें आम्हीं आश्वासन दिलें. तें आज पुरें करीत आहों.

मुलांचा आक्षेप ऐकून आम्हांस राग आला नाहीं, उलट आनंदच वाटला. दृष्टांताचा कांटा त्यांस बरोबर टोंचला होता. हा दृष्टांत ऐकून ज्याला कांहींच खटकत नाहीं त्यानें तो ऐकलाच नाहीं, असें आमचें मत आहे. आणि वर्षानुवर्षें उपासनेस जाणारे आम्ही लोक बहुधा त्यांतलेच! आपलें विद्यालय ज्या कामतघरांत आहे, तेथें वऱ्हाळा तलावाचा काठ सोडून थोडें आंत गेलें कीं मागांचा खडखडाट कानीं पडतो. ताणा भरणारा, कांड्या भरणारा, तुटलेला धागा गांठणारा, तयार तागे गोदामांत वाहून नेणारा, असा कोणी ना कोणी पुष्कळांच्या घरीं आहे. पद्मनगराकडील तेलुगु कुटुंबें, उत्तरेंतून आलेले कारागीर, मोमीन विणकर, या मातींतलेच आगरी लोक, या सर्वांचीं मुलें आमच्या वर्गांत शेजारीं शेजारीं बसतात. मजुरी म्हणजे काय, खाडा म्हणजे काय, धागा तुटून माग थांबला तर कोणाचें नुकसान होतें, हें त्यांस शिकवावें लागत नाहीं. सकाळीं नाक्यावर कामाची वाट पाहत उभीं असलेलीं माणसें तीं रोज पाहतात. दुपार झाली तरी तेथेंच उभा असलेला मनुष्य आळशी असतोच असें नाहीं, हेंही त्यांस ठाऊक आहे. फक्त दृष्टांत ऐकतांना तें त्यांस आठवलें नाहीं.

आतां मूळ विषयाकडे वळूं. जीवनदृष्टि हा शब्द मोठा आहे, पण वस्तु साधी आहे. प्रत्येकाच्या मनांत एक तराजू असतो. कोणती गोष्ट मोठी, कोणती क्षुल्लक, कोणासाठीं वेळ द्यावा, कोणास टाळावें, कोणतें नुकसान सोसण्याजोगें आहे आणि कोणतें नाहीं, हें आपण त्या तराजूंत घालून ठरवितों. हा तराजू कोणी दुकानांतून आणीत नाहीं. घर, बाजार, शाळा, वर्तमानपत्र आणि आतां हातांतला मोबाईल हे सारे मिळून तो घडवितात. कित्येकदां आपल्याजवळ असा तराजू आहे याचीही आपणांस जाणीव नसते.

ज्यास आम्ही ऐहिक दृष्टि म्हणतों, तिचा तराजू असा कीं, जें मोजतां येतें, वापरतां येतें, विकतां येतें तेंच खरें. आणि मनुष्याचें मोल त्याच्या उपयोगावरून ठरावयाचें. येथें एक गैरसमज आधींच दूर केला पाहिजे. आपलें राज्य धर्मनिरपेक्ष आहे. हा शब्द घटनेच्या उद्देशिकेंत १९७६ सालीं बेचाळिसाव्या दुरुस्तीनें आला. परंतु २६ जानेवारी १९५० पासून अमलांत असलेल्या घटनेच्या पंचविसाव्या कलमानें प्रत्येकास आपल्या धर्माप्रमाणें चालण्याचें स्वातंत्र्य मूळचेंच दिलेलें आहे, आणि तिसाव्या कलमामुळें अल्पसंख्यांकांस आपल्या शिक्षणसंस्था चालवितां येतात. राज्यानें सर्व धर्मांस समान लेखावें, यांत आमची तक्रार कांहींच नाहीं. त्या छायेखालींच आपलें विद्यालय उभें आहे. आम्ही बोलत आहों तें राज्याच्या धोरणाविषयीं नव्हे, तर मनांतल्या त्या तराजूविषयीं. तो तराजू धार्मिक माणसाच्याही मनांत असूं शकतो. रविवारीं मंदिरांत उच्च स्वरानें स्तोत्रें गाऊन सोमवारीं कामवालीच्या पगारांतून दोन खाडे कापणारा ख्रिस्ती मनुष्य आम्हीं पाहिला आहे. त्याचा धर्म ख्रिस्ती, पण दृष्टि पूर्णपणें ऐहिक.

मग ख्रिस्ती दृष्टि कशानें ओळखावी? पोशाखानें नव्हे, नांवानेंही नव्हे. इंग्लंडांत जन्मलेल्या फादर स्टीफन्स यांनीं ख्रिस्ताची कथा मराठी ओवींत गायिली, आणि तें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं गोव्यांत छापलें गेलें. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला, पण अभंग, भजन व कीर्तन सोडलें नाहीं. किंबहुना ख्रिस्ती झाल्यावरच त्यांच्या अभंगास भर आला. ह्या दोघांविषयीं पाठ्यपुस्तकांत व अन्यत्र पुष्कळ लिहिलेलें आहे, म्हणून आम्ही येथें थांबत नाहीं. ज्या एका जीवनांत हा तराजू बदललेला अगदीं स्पष्ट दिसतो, तें पंडिता रमाबाईंचें आहे, आणि त्याकडे आम्हांस सावकाश पाहावयाचें आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं आपल्या पत्नीस संस्कृत शिकविलें, म्हणून समाजाचा रोष ओढवून घेतला. कुटुंब तीर्थांतून पुराण सांगत भटकत राहिलें. १८७० नंतरच्या दुष्काळाच्या वर्षांत आईबाप व वडील बहीण डोळ्यांदेखत गेलीं. रमाबाई व त्यांचे बंधु पायीं चालत, उपास काढीत, १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचले. तेथील विद्वानांनीं वीस वर्षांच्या ह्या मुलीचें संस्कृत पाहून तिला 'पंडिता' व 'सरस्वती' ह्या पदव्या दिल्या. मित्रहो, ही गोष्ट लक्षांत ठेवा. जगाच्या तराजूंत रमाबाई मुळींच हलक्या नव्हत्या. विद्वत्ता होती, कीर्ति होती, पुढें पुण्यास आल्यावर सुधारकांत मान होता. १८८२ सालीं त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला. वैधव्य आलें होतें, पदरीं लहानगी मनोरमा होती. तरी हातीं काम होतें.

१८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या आणि वांटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठांत राहिल्या. त्या भगिनींचें एक गृह लंडनजवळ फुलहॅम येथें होतें. समाजानें 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रियांस तेथें आसरा मिळे. रमाबाईंनीं तेथें जें पाहिलें तें त्यांस सर्वस्वीं नवें होतें. अशा स्त्रीस गांवाबाहेर घालवावें, तिची सावली टाळावी, हेंच त्यांनीं आजवर पाहिलें होतें. आणि येथें सुशिक्षित, कुलीन स्त्रिया त्यांची शुश्रूषा करीत होत्या, त्यांस प्रेमानें वागवीत होत्या. रमाबाई पंडिता होत्या. त्या नुसत्या गहिंवरून थांबल्या नाहींत. तुम्ही हें कां करतां, असें त्यांनीं विचारलें. तेव्हां एका भगिनीनें त्यांस येशूची व विहिरीवरील शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगितली. जिच्या पांच लग्नांची गांवांत कुजबुज होती, जी इतर बायका नसतांना भर उन्हांत पाणी भरावयास येई, तिच्याजवळ येशूनें पाणी मागितलें व तिच्याशीं परमेश्वराविषयींच्या अत्यंत गहन गोष्टी बोलला. रमाबाईंनीं पुढें आपल्या आत्मनिवेदनांत ह्या प्रसंगाचा उल्लेख केला आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं त्यांचा बाप्तिस्मा झाला.

येथें नेमकें काय बदललें? दया तर त्यांच्याजवळ पूर्वींही होती. विधवांचें दुःख त्या जाणत होत्या, त्यासाठीं बोलत व लिहीत होत्या. बदललें तें कारण. दयेची एक तऱ्हा अशी असते कीं, ती पात्र शोधते: हा निरपराध आहे, होतकरू आहे, सांभाळल्यास उद्यां उपयोगी पडेल, म्हणून ह्यास मदत करावी. फुलहॅम येथें रमाबाईंनीं पाहिलें तें असें कीं, त्या स्त्रियांजवळ दाखविण्यासारखें एकही पात्रत्वाचें लक्षण उरलेलें नव्हतें, आणि तरी त्यांचें मोल तसूभरही कमी धरलें जात नव्हतें. कारण तें मोल त्यांच्या वर्तनांतून आलेलें नव्हतें, तर ज्यानें त्यांस आपल्या प्रतिरूपाचें निर्मिलें त्याच्यापासून आलेलें होतें, आणि ज्यानें त्यांच्यासाठीं स्वतःचा प्राण दिला त्यानें तें पक्कें केलेलें होतें. ख्रिस्ती दृष्टि ती हीच. बाकीचें सारें ह्यांतून निघतें.

ही दृष्टि पुढें कोठें नेते तें केडगांवास दिसतें. मायदेशीं परतल्यावर रमाबाईंनीं ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन काढलें व पुढच्या वर्षीं तें पुण्यास नेलें. तेथील मुलींपैकीं कांहीं ख्रिस्ती धर्माकडे वळत आहेत असा बोभाटा होऊन १८९३ सालीं सल्लागार मंडळींनीं अंग काढून घेतलें. त्या वादांत दोन्ही बाजूंस बोलण्यासारखें होतें, व ज्या पालकांनीं धर्माविषयीं विश्वास ठेवून मुली पाठविल्या होत्या त्यांचें दुःख आम्ही पालकांच्या डोळ्यांनीं पाहूं शकतों. परंतु १८९६-९७ चा दुष्काळ आला तेव्हां बाई मध्य प्रांतांत गेल्या आणि सुमारें तीनशें स्त्रिया व मुली घेऊन आल्या. दौंड तालुक्यांतील केडगांवच्या माळावर मुक्तिसदन उभें राहिलें. १९०० सालच्या गुजराथच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दीड हजारांच्याही वर गेली. शेती, गाई, तेलघाणा, छापखाना आणि माग, सारें स्त्रियांनींच चालवावयाचें. येथपर्यंत कोणाही व्यवहारी मनुष्यानें शाबास म्हणावें. पण ज्यांच्याकडून माग किंवा छापखाना कधींच चालणार नव्हता अशांनाही तेथें जागा होती. फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठीं कृपासदन होतें. म्हाताऱ्या बायका होत्या, दुष्काळानें अंगाचा व बुद्धीचा कायमचा नाश झालेल्या मुली होत्या, आंधळ्या होत्या, आणि अंधांस बोटांनीं वाचतां येईल अशी लिपि मनोरमाबाईंनीं तेथें शिकविली. हिशेबाच्या वहींत ह्या सर्वांचें नांव खर्चाच्याच बाजूस पडणार. तें वर्षानुवर्षें पडत राहिलें.

बाईंनीं आयुष्याच्या अखेरीस पवित्र शास्त्राचें साध्या मराठींत भाषांतर पुरें केलें, कारण केडगांवच्या अल्पशिक्षित स्त्रियांस जुनें भाषांतर जड जाई. संस्कृतांत पंडिता ठरलेल्या बाईनें अशांसाठीं सोपें लिहावें, हा त्यांच्या विद्वत्तेचा सर्वांत मोठा खर्च होता, आणि तो त्यांनीं आनंदानें केला. १९२१ सालीं मनोरमाबाई गेल्या, ५ एप्रिल १९२२ रोजीं बाई गेल्या. त्यांच्याच मुक्तिसदनाच्या छापखान्यांत छापलेलें तें संपूर्ण शास्त्र १९२४ सालीं प्रसिद्ध झालें. केडगांवचें कार्य आजही चालू आहे.

आतां मागच्या बांकावरील विद्यार्थ्याचा प्रश्न. चांगलें वागण्यासाठीं ख्रिस्ती असावें लागतें का? आमचें उत्तर असें कीं, नाहीं. महाराष्ट्राचा इतिहास वाचलेल्या मनुष्यास दुसरें उत्तर देतांच येणार नाहीं. जोतिराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकले, पण ख्रिस्ती झाले नाहींत. त्यांनीं व सावित्रीबाईंनीं १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा काढली, १८६३ सालीं फसलेल्या विधवांसाठीं बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें. तेंही रमाबाई पांच वर्षांच्या असतांना! त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीनें १० जून १८९० रोजीं मुंबईच्या गिरणी कामगारांस आठवड्याची सुटी मंजूर झाली. रविवार हा ख्रिस्ती लोकांचा उपासनेचा दिवस खरा, पण लोखंड्यांनीं तो मागितला तो खंडोबाचा वार म्हणून, व दमलेल्या मनुष्याचा हक्क म्हणून. आणि शारदासदनांत दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिच्याशीं १८९३ सालीं ज्यांनीं विवाह केला, त्या धोंडो केशव कर्व्यांनीं विधवांसाठीं जें उभारलें त्यापुढें आम्ही हात जोडतों. आगरकर तर ईश्वराविषयीं कांहीं सांगतां येत नाहीं असें म्हणणारे. तरी सत्यासाठीं त्यांनीं जें सोसलें तें कित्येक धर्मोपदेशकांस लाजविणारें आहे.

उलट बाजूही पाहावी. ख्रिस्ती म्हणविणाऱ्या राष्ट्रांनीं माणसें बाजारांत विकलीं. आमच्या मराठी मंडळ्यांतून जातिभेद अजूनही पूर्णपणें गेला नाहीं. वधूवरांच्या याद्या पाहणाऱ्यास हें सांगावयास नको. रमाबाईंस स्वतःलाही पाद्री मंडळींशीं मतभेद सोसावे लागले, कारण येशूस शरण जाणें निराळें आणि एखाद्या पंथाच्या अधिकाऱ्यांचें सर्व म्हणणें मुकाट्यानें मान्य करणें निराळें, असें त्यांनीं वांटेजच्या भगिनींस स्पष्ट लिहून कळविलें होतें.

असें जर आहे, तर निराळी दृष्टि म्हणून कांहीं उरतें काय? आमच्या मतें उरतें, आणि तें प्रसंग कठीण होईल तेव्हां दिसतें. फुल्यांनीं मनुष्यमात्राचे हक्क निर्मिकापासून आले असें मानलें. त्यांचा तराजू आमच्या तराजूच्या पुष्कळ जवळचा आहे. आगरकरांनीं विवेकाच्या व मनुष्याच्या सुखाच्या आधारावर तोच न्याय मागितला. दोन माणसें एकाच दरडीवर उभीं राहून एकाच बुडणाऱ्यास दोर टाकूं शकतात. दोर कशास बांधला आहे एवढाच फरक. ओढ कमी असेपर्यंत तो फरक ध्यानांतही येत नाहीं. ज्या मनुष्यास सांभाळून कोणाचेंच सुख वाढत नाहीं, समाजाचा कांहीं लाभ होत नाहीं, जो उपकार मानीत नाहीं व सुधारतही नाहीं, त्याचें काय करावयाचें, हा प्रश्न ऐहिक दृष्टीला नेहमींच अडचणीचा होतो. कांहीं थोर माणसें तो स्वतःच्या अंतःकरणाच्या बळावर सोडवितात. सामान्यांचें अंतःकरण तेवढें मोठें नसतें. आमचें तर नाहींच.

हें आम्ही अनुभवानें म्हणतों. पुष्कळ वर्षांपूर्वीं, दुसऱ्या एका गांवीं अध्यापन करीत असतांना, दहावीचा वर्ग आमच्याकडे होता. निकाल शंभर टक्के लागावा अशी सर्वांचीच इच्छा, आणि आमची सर्वांहून अधिक. वर्गांत एक मुलगा गणितांत व इंग्रजींत फारच कच्चा होता. तो पास होणार नाहीं हें दिसत होतें. आम्हीं त्याच्या आईस बोलावून गोड शब्दांत सांगितलें कीं, ह्यानें शाळेतर्फे न बसतां सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसावें, म्हणजे त्याच्यावर ताण पडणार नाहीं. बाईनें मान डोलाविली. गुरुजी सांगतात म्हणजे हिताचेंच असेल. निकाल शंभर टक्के लागला, सत्कार झाला, शाल मिळाली. मुलानें तो फॉर्म भरलाच नाहीं. कोणीं आमच्यावर सक्ति केली नव्हती. वरिष्ठांनीं सांगितलें म्हणून केलें असें म्हणण्याचीही सोय नाहीं. त्या काळांत आम्ही दर रविवारीं शास्त्रपाठ घेत होतों! मोजण्याजोग्या एका आंकड्यासाठीं आम्हीं एक मुलगा वजा केला. दोन वर्षांपूर्वीं भिवंडीजवळच्या एका गोदामापाशीं मालमोटारींतून खोकीं उतरवितांना तो दिसला. त्यानेंच ओळखून नमस्कार केला व आमची प्रकृति विचारली. पेटी खांद्यावर असतांना तो थांबून बोलला, आणि आम्हांस त्यास सांगण्यासारखें कांहींच सुचलें नाहीं.

पालकहो, हें येथें लिहिण्याचें कारण आहे. तुमच्यापैकीं कित्येकजण आम्हांस विचारतां कीं, ह्या असल्या शिकवणुकीनें मुलाचें पोट भरेल काय. जग स्पर्धेचें आहे, तो मागें पडेल. तुमची काळजी खोटी नाहीं. ज्याच्या घरीं महिन्याचें भाडें व विजेचें बिल एकदमच दारीं येतें, त्यास मोजूं नको असें सांगणें हा ढोंगीपणा होईल. मुलांनीं गुण मिळवावे, मापांत चोख असावें, मीटर म्हणजे पूर्ण मीटर द्यावा, ही तर आमचीच शिकवण. दृष्टांतांतील धन्यानेंही पहांटेच्या मजुराची मजुरी एक पैनें कमी केली नाहीं. ठरलें तें त्यानें दिलें. तो कारखान्याच्या वेतनाचा कायदा सांगत नाहीं. न्याय पुरा झाल्यावर त्यापलीकडे आणखी कांहीं असतें कीं नाहीं, एवढाच त्याचा प्रश्न आहे. ज्याला दिवसभर कोणीं कामास लावलें नाहीं, त्याच्याही घरीं संध्याकाळीं चूल पेटावयाची असते.

ह्या गांवास हा प्रश्न पुस्तकी नाहीं. २०२० सालच्या मार्च महिन्यांत टाळेबंदी झाली, माग थांबले, आणि ज्यांची मजुरी मीटरवर होती त्यांचा हिशेब त्याच दिवशीं बंद झाला. बोचकीं डोक्यावर घेऊन नाशिकच्या रस्त्यानें उत्तरेकडे चालत निघालेलीं माणसें आपण सर्वांनीं पाहिलीं. त्या वेळीं कित्येक घरांतून खिचडीचीं पातेलीं रस्त्यावर आलीं. तीं देणारे निरनिराळ्या धर्मांचे होते, व खाणाऱ्यास कोणीं जात विचारली नाहीं. त्याच गांवानें मे १९७० व मे १९८४ ह्या दोन दंगलीही पाहिल्या आहेत, जेव्हां नांव विचारूनच माणसाचें मोल ठरत होतें. कोणतीही दृष्टि कितपत खरी आहे हें असल्याच दिवशीं समजतें. शेजारी म्हणजे कोण, असा प्रश्न एका शास्त्र्यानें येशूस केला होता; तेव्हां त्यानें वाटेवर लुटलेल्या मनुष्याची गोष्ट सांगितली, आणि त्यास उचलून नेणारा म्हणून जो मनुष्य निवडला तो ऐकणाऱ्यांच्या द्वेषाचा विषय असलेला शोमरोनीच निवडला. आपल्या धर्माच्या याजकास त्यानें त्या गोष्टींत बाजूनें निघून जावयास लावलें. ज्या धर्माचा संस्थापक असें बोलतो, त्याच्या अनुयायांस 'चांगुलपणा आमचाच' असें म्हणावयाची सोयच उरत नाहीं.

एक शेजारचें उदाहरण सांगून आटोपतों. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) हे धर्मगुरु आणि साहित्यिक. २०२० सालीं उस्मानाबाद येथें भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. वसईचीं शेतें, वाड्या व विहिरींचें गोडें पाणी बांधकामापायीं जाऊं लागलें तेव्हां त्यांनीं 'हरित वसई'ची चळवळ उभारली, धमक्या सोसल्या. जमीन म्हणजे चौरस फुटांचा भाव, असें एका तराजूंत दिसतें. ती आपल्याकडे सांभाळावयास दिलेली ठेव आहे, असें दुसऱ्यांत दिसतें. वऱ्हाळा तलावाच्या काठीं सहलीस गेलेल्या आमच्या विद्यार्थ्यांनीं पुढच्या वेळीं पाण्यांत पिशव्या टाकण्यापूर्वीं ह्याचा थोडा विचार करावा. गेल्या वेळीं त्या आम्हीं मोजल्या होत्या.

दृष्टांतावर पुढच्या तासाला वर्गाकडून निबंध लिहवून घेतले. विषय होता: 'पहांटेचे मजूर घरीं जाऊन काय म्हणाले?' शास्त्रांत तें सांगितलेलें नाहीं. बहुतेकांनीं त्यांस रागावलेलेच ठेवलें, व तें स्वाभाविकच आहे. मीटरचा आक्षेप घेणाऱ्या मुलानें मात्र लिहिलें कीं, पहांटेचा मजूर घरीं गेला तेव्हां त्याचा भाऊ आधींच येऊन बसलेला होता. तोच पांच वाजतां कामास लागलेला होता, हें त्याला ठाऊक नव्हतें. निबंधांत शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या. त्या दुरुस्त करून तो याच अंकांत अन्यत्र छापला आहे.